फळ्या कोणी काढल्या

"उद्या सकाळी भात सोसायटीची बैठक आहे," झडपवाल्याची बायको म्हणाली. "ती झाली की आम्ही घराबाहेर, आणि यांना पोलीस नेणार. तुम्हाला काही करायचं असेल तर त्याआधी करा, बाई."

तिच्या पायांना राखाडी चिखल वाळून चिकटला होता. फरशी खराब होईल म्हणून ती दारातच उभी होती, 'खासगी तपास' अशा छोट्या पाटीखाली.

बाईंनी तिला हाताला धरून आत आणलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाईंचे दीर बसले होते. त्यांना सगळं जग भाऊजी म्हणत असे. निवृत्त झाल्यापासून वहिनींची गाडी चालवणं आणि ठामपणे चुकीचे अंदाज बांधणं ही दोन कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

तिने सांगितलं. नदी समुद्राला मिळते तिथे त्यांची वस्ती. वरच्या काठाला लाकडाची वखार, खालच्या काठाला भातखाचरं. खाचरं आणि नदी यांच्यामध्ये बांध, आणि बांधात एक झडप. झडप म्हणजे खाचणीत एकावर एक बसवलेल्या जाड फळ्या. भरतीचं पाणी चढलं की झडपवाला ते चाखतो. गोडं असलं तर फळ्या काढून शेतात घेतो. खारं असलं तर फळीला हात लावत नाही.

"परवा संध्याकाळी पाणी खारं होतं. हे चाखून, फळ्या जागेवर बघून घरी जेवायला आले. परत गेले तर फळ्या बाहेर, रोपांत खारं पाणी, आणि झडपेच्या तोंडाशी गुरुजी अडकलेले. जीव गेलेला."

"गुरुजी कोण?"

"शाळेतले, निवृत्त झालेले. गावाचा इतिहास लिहीत होते. सोसायटीच्या वर्धापनदिनाला वाचून दाखवणार होते." तिने पदराने तोंड पुसलं. "लोक म्हणतात, यांनी पाणी न चाखताच फळ्या काढल्या आणि गुरुजी लोंढ्यात ओढले गेले. सासऱ्यांच्या वेळीही असंच एकदा खारं पाणी आत आलं होतं. तेव्हा त्यांना धरलं, आता यांना. आमच्या घराण्याची जीभच खोटी आहे म्हणतात."

भाऊजींनी हळूच मान हलवली. बापाने केलं तेच मुलाने केलं, असा त्या हलण्याचा अर्थ होता. बाई तोवर चपला घालत होत्या.

*

बांधावर पोचल्यावर भाऊजींचीही बडबड थांबली. रोपांची टोकं करपली होती. खाचरांतून पाणी उतरलं तिथे मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता, आणि सबंध शेतात एक बगळासुद्धा दिसत नव्हता. पलीकडच्या काठावरून करवतीचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

झडपेशेजारी, बांधावर, त्या संध्याकाळी निघालेल्या फळ्या होत्या. पोलिसांनी हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. कडेला कड लावून एकावर एक रचलेल्या, आणि दर दोन फळ्यांच्या मध्ये बोरूच्या जाड काड्या आडव्या घातलेल्या. चळतीतून पलीकडची नदी दिसत होती.

"टापटीप आहे हो झडपवाल्याची," भाऊजी म्हणाले. "आमच्या घरी वर्तमानपत्रंसुद्धा अशी नसतात."

झडपवाला खांदे पाडून उभा होता.

"आता झडपेत कोणत्या फळ्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"जादाच्या. त्या चरात होत्या." त्याने बांधाच्या पायथ्याचा चर दाखवला. गढूळ पाण्यात आणखी दोनचार फळ्या बुडालेल्या होत्या, वर दगड ठेवलेले.

"कुजत नाहीत?"

"वाळल्या तर आकसतात, बाई. मग झडप गळते. फुगलेली फळीच पाणी धरते."

त्याचं घर बांधावरच होतं. आत त्याचा म्हातारा बाप नदीकडे पाठ करून बसला होता. सून म्हणाली, त्या जुन्या प्रकारापासून मामंजींनी पाणी चाखलेलं नाही. बांधावरसुद्धा जात नाहीत.

"काय जाऊ?" म्हातारा म्हणाला. "तेव्हा घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं, फळ्या मी काढल्या नाहीत. मी आलो तेव्हा त्या बांधावर मांडून ठेवलेल्या होत्या, दुकानात मांडतात तशा. मधे काड्याबिड्या घालून. कोणी ऐकून घेतलं नाही. एका गुरुजींनी ऐकलं, तेही इतक्या वर्षांनी."

"ऐकून काय म्हणाले?"

सून मध्ये बोलली, "परवा सकाळी आले होते. मामंजींना पुन्हा तेच विचारलं, काड्या कशा होत्या, कुठे होत्या. जाताना म्हणाले, आधी त्यालाच विचारतो, आपणहून बोलला तर बरं होईल."

"कोणाला?"

"नाव नाही घेतलं."

*

वखारीत ओल्या लाकडाचा आंबूस वास कोंदला होता. पाण्यात ओंडके एकमेकांवर घासत होते. आवारभर कापलेल्या फळ्यांच्या उंच चळती, प्रत्येक थरात पट्ट्या घातलेल्या, आणि त्यांच्यातून पलीकडे काम करणाऱ्यांचे पाय दिसत होते. भाऊजी एका चळतीपाशी थांबले आणि त्यांनी बाईंच्या दंडाला चिमटाच काढला.

वखारीचा मालक तरुण होता, पांढऱ्या शर्टातला. "मी लपवत नाही," तो म्हणाला. "शेतं खारवली आणि सोसायटीने विकायला काढली, तर मी घेईन. मला ओंडके ठेवायला जागा हवी आहे. पण त्यासाठी म्हाताऱ्या मास्तरला बुडवीन?"

"मागच्या वेळी खारं पाणी आलं तेव्हा?"

"तेव्हा मी जन्मलोसुद्धा नव्हतो."

वखारीचा मुकादम शेजारी उभा होता. डाव्या बाहीची घडी करून त्याने ती पिनेने खांद्याला टाचली होती. "मी मात्र होतो," तो म्हणाला. "हात तेव्हाच गेलेला होता. मिसरूड फुटायच्या आधीच करवतीने नेला."

"या पट्ट्या कशाला घालता?" बाईंनी चळतीकडे बोट केलं.

"हवा खेळायला. नाहीतर लाकूड काळं पडतं, वाकतं. वखार कुठलीही असो, नव्या पोराला पहिलं हेच शिकवतात. पट्टी न घालता फळीवर फळी ठेवली की पाठीत रट्टा. नंतर सांगावं लागत नाही." तो हसला. "त्या चिखलवाल्या भातवाल्यांना नाही कळायचं ते. ते लाकूड पाण्यात पुरून ठेवतात."

गाडीत बसेपर्यंत भाऊजींनी कसाबसा दम धरला. "वहिनी, उलगडलं की हो सगळं. रचण्याची पद्धत वखारीची, फायदा वखारीचा. मालकच."

"त्याचे तळहात पाहिलेत? त्याने आयुष्यात फळी उचललेली नाही."

"मग मुकादम."

"भिजलेली फळी? एका हाताने?"

भाऊजींनी गाडी सुरू केली आणि रागाने उगाचच हॉर्न वाजवला.

*

भात सोसायटीचे चेअरमन बांधाआतले सगळ्यांत मोठे शेतकरी. पिकलेल्या भुवया, शांत आवाज. त्यांनी दोघांना ओसरीवर बसवलं, चहा मागवला. अंगणाच्या कडेला सरपण रचलेलं होतं. ढलप्यांचे थर, मध्ये आडव्या काटक्या, आणि फटींतून मावळतीचा उजेड येत होता. भाऊजींनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटून आत पडलं, त्यामुळे त्यांचं बाकी कशाकडे लक्ष नव्हतं.

"झडपवाल्याचं वाईट वाटतं," चेअरमन म्हणाले. "पण लोकांची रोपं गेली. उद्या मला ठराव मांडावाच लागेल."

"सोसायटीत वखारवाले कोणी आहेत?"

"छे. बांधाआतली जमीन फक्त भातवाल्याची. करवतवाल्याला आम्ही जमीन देत नाही, मुलगीही देत नाही. उद्या कोणी निघालाच तसा, तर जमीन सोडावी लागेल. नियमच आहे."

"तुम्ही इथलेच?"

"लग्न झालं तेव्हापासून इथलाच. पण घराणं भातवाल्याचंच, खालच्या किनाऱ्यावरचं. आजवर कुठल्या वखारीच्या फाटकातही पाऊल टाकलेलं नाही." ते किंचित हसले. "मागे खारं पाणी आलं तेव्हा मी इथे नवा होतो, मजुरीला. लोक कंटाळून मिळेल त्या भावाने जमिनी देऊन गेले. मी त्या घेतल्या आणि राहिलो. मातीतलं मीठ धुवायला माझी उमेदीची वर्षं गेली, बाईसाहेब."

"गुरुजी यायचे इकडे?"

"यायचे की. तुम्ही बसलात तिथेच बसायचे."

बाईंनी मान वळवली. तिथून अंगण दिसत होतं. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि कप हलकेच खाली ठेवला.

*

सकाळी ओहोटी होती. बाईंनी इन्स्पेक्टरांना सांगून बैठक बांधावरच बोलावली. सोसायटीची माणसं शेतांकडे न बघता उभी होती, कारण रोपं रातोरात आणखी पिवळी पडली होती. वखारीचा मालक आणि मुकादमही आले होते. झडपवाल्याची बायको दारात उभी होती. घरातलं सामान तिने बांधून ठेवलं होतं.

"मला एवढंच पाहायचंय," बाई म्हणाल्या, "की एकट्या माणसाला झडपेच्या फळ्या काढता येतात का. येत नसतील, तर झडपवाल्याने एकट्याने हे केलं नाही आणि तो सुटला. नदी आता खाली आहे, पाणी आत येणार नाही. झडपवाल्यानेच केलं तर म्हणाल, मुद्दाम जमलं नाही. दुसरं कोणी तयार आहे?"

मालकाने बाह्या वर केल्या. पहिली फळी त्याने अर्धी उचलली, ती हातातून निसटून चिखलात पडली आणि पांढऱ्या शर्टाची कळा गेली. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"बघा," बाई म्हणाल्या. "एकट्याचं काम नाही हे."

"न जमायला काय झालं?" चेअरमन पुढे झाले. झडपवाला सुटतोय हे त्यांना दिसत होतं. "रोजचं काम आहे ते. या वयात मी करून दाखवतो."

त्यांनी फळी ओढून काढली आणि बांधावर आडवी ठेवली. दुसरी काढली. ती बांधाला टेकवून ते वाकले, बांधावरचे बोरू मोडले, त्याच्या दोन काड्या पहिल्या फळीवर आडव्या टाकल्या आणि वर दुसरी ठेवली. कडेला कड जुळवली. तिसरीसाठी ते वळले, पुन्हा काड्या मोडू लागले.

"पुरे," बाई म्हणाल्या.

कोणाच्या लक्षात काही आलं नव्हतं. मुकादम मात्र त्या दोन फळ्यांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"झडपवाल्या, तू फळी काढलीस की कुठे ठेवतोस?"

"चरात ढकलतो. पाण्यात."

"आणि तुम्ही बाकीचे?"

"चरातच," दोघंतिघं म्हणाले.

"भातवाला झडपेची फळी वाळू देत नाही. तिच्यात हवा खेळावी म्हणून काड्या तर मुळीच घालत नाही. हे फक्त वखारीत वाढलेले हात करतात." बाईंनी पोलिसांनी राखलेल्या चळतीकडे बोट केलं. "त्या संध्याकाळच्या फळ्या अशाच होत्या. म्हातारबाबा सांगत आलेत, त्यांच्या वेळच्याही अशाच होत्या. म्हणजे दोन्ही वेळी माणूस एकच. मालक तेव्हा जन्मलेले नव्हते. मुकादमांना तेव्हाही एकच हात होता. मग राहिला तो, जो तेव्हा इथे होता, आजही आहे, ज्याचे हात वखारीचे आहेत आणि ते तो लपवतो. चेअरमन, तुमच्या अंगणातल्या सरपणातही काटक्या आहेत. गुरुजी रोज त्याच्यासमोर बसत होते. म्हाताऱ्याचं बोलणं त्यांनी पुन्हा ऐकलं आणि त्यांना कळलं. त्यांनी तुम्हाला आपणहून बोलायची संधी दिली. तुम्ही त्यांना झडपेवर बोलावलं. झडपवाला जेवायला जातो ती वेळ सगळ्या गावाला माहीत आहे. गुरुजींना पाण्यात लोटलंत, मग फळ्या काढल्यात, म्हणजे लोंढ्यावर आणि झडपवाल्यावर आळ जाईल."

"वहिनी, पण जीव घेऊन कोणी काड्या रचत बसेल?" भाऊजींना राहवलं नाही.

"डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणूनच रचल्या, भाऊजी. हातांना जे येतं तेच त्यांनी केलं."

चेअरमनच्या मुठीत बोरूच्या मोडलेल्या काड्या अजून होत्या. त्यांनी त्या पाहिल्या. टाकून द्यायला काय हरकत होती, पण त्यांनी टाकल्या नाहीत.

"वरच्या अंगाला नदीवर एक वखार होती," ते अगदी हळू बोलले. "पोरका होतो, तिथेच वाढलो. मार खाऊन शिकलो हे. इथे आलो तेव्हा मला फक्त जमीन हवी होती, आणि करवतवाल्याला ती कोणी देत नव्हतं." ते म्हाताऱ्याच्या घराकडे बघत नव्हते. "गुरुजींना म्हणालो, माझी मुलं बांधाआत जन्मली, त्यांचं काय होईल? ते म्हणाले, झडपवाल्याचीही बांधावरच जन्मली."

इन्स्पेक्टरांनी त्यांचा दंड धरला. माणसं बाजूला झाली. ज्याच्या करणीपायी आपण एका घराला आयुष्यभर खोटं ठरवलं, त्याला जाताना बघणं सोपं नव्हतं.

नदी फिरली होती. चढतं पाणी झडपेला लागू लागलं. वर डोंगरात पाऊस झाला असावा, कारण ते तांबूस दिसत होतं. झडपवाल्याने मालकाची फळी चिखलातून उचलून चेअरमननी काढलेल्या फळ्यांसह घाईने खाचणीत बसवली. मग तो ओंजळ भरायला वाकला, आणि तसाच थांबला.

घरातून म्हातारा बाहेर येत होता. सुनेने हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. बसत, उठत तो पाण्यापर्यंत उतरला. सोसायटीची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने ओंजळ तोंडाला लावली, पाणी जिभेवर घोळवलं आणि थुंकलं.

"बाबा, काढू फळ्या?"

"थांब. जिभेच्या टोकाला अजून खारं लागतंय."

सगळे थांबले. ज्यांनी त्याला खोटा म्हटलं होतं तेही थांबले. आपली रोपं वाचायची असतील तर आता त्या जिभेवाचून त्यांच्याकडे काही नव्हतं.

म्हाताऱ्याने पुन्हा ओंजळ भरली. या वेळी त्याने पाणी थुंकलं नाही, गिळलं.

"गोडं आहे," तो म्हणाला. "काढ."

झडपवाल्याने पहिली फळी ओढली आणि चरात ढकलली. म्हाताऱ्याने पायाने एक दगड सरकवला आणि तिच्यावर ठेवला.