बोका

एवढ्यात उठू नका रे. लाइट येईपर्यंत अंधारात जिन्यावर कुठे ठेचकाळत जाणार? बसा. आणि तू, ती कडी खुळखुळवणं बंद कर आधी. कडीवरूनच आठवलं म्हणून सांगतो. कुठे वाचलेलं नाही, माझ्या शेजारच्या दुकानातल्या माणसाचं आहे. मी छत्र्या दुरुस्त करायचो, तो कुलुपं. दोघांच्या मध्ये एक पत्रा, आणि पत्र्याला कान होते. यात पदरचं काही घालणार नाही. घातलं तर तुम्हाला कळेलच, मला थापा पचत नाहीत.

तर, डिसेंबरातला दुसरा शनिवार. हा कुलुपवाला दुकान बंद करून निघाला तो सुताराकडे. काम साधंच होतं. घरच्या मांजरासाठी दारात बसवायची झडप आणायची होती. पाटीएवढी फळी, वरच्या कडेला दोन बिजागऱ्या. मांजराने डोकं लावलं की उघडणार, आत गेलं की आपोआप मिटणार. सुतार म्हणाला, "जगाची दारं बंद करतोस आणि स्वतःच्या दाराला भोक पाडतोस होय?" एरवी शब्दाला शब्द देणारा हा माणूस त्या दिवशी हसलासुद्धा नाही. झडप काखेत मारली आणि चालायला लागला.

ती झडप आणायची की नाही, यावर त्यांच्या घरात महिनाभर खल चालला होता. मांजर पोरीचं. दिवसभर लोळायचं, रात्री जिन्यांवरून भटकून यायचं आणि दारावर नखं ओढायचं. खर्र... खर्र... बायको उठून दार उघडायची आणि पुन्हा झोपायची. हा मात्र तो आवाज आला की ताडकन उठून बसायचा, घामाने डबडबलेला. पण दार उघडायला कधी उठायचा नाही.

"अहो, एक छोटंसं दार करून टाका ना," बायको म्हणाली. "माझी तरी झोप होईल."

"साप शिरेल."

"दुसऱ्या मजल्यावर? जिना चढून?"

"चोर हात घालेल मग."

"घालू दे. चोरण्यासारखं आपल्याकडे तुमचं घोरणं तेवढं आहे."

दुसरीत शिकणारी पोर मांजराला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, छोटं दार असलं ना, की मग कुणालाच रात्रभर बाहेर थांबायला लागणार नाही. आजोबांसारखं."

बायकोने पोरीला डोळ्यांनी दटावलं. दुसऱ्या दिवशी याने सुताराला माप दिलं.

आता त्या आजोबांचं सांगतो. कुलुपवाल्याचे वडील. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. दुकान त्यांनीच उभं केलं. कुणाचं दार अडकलं की रात्री-अपरात्री जायचे, आणि परत आले की पावलांचा आवाज न करता घरात शिरून दुधावरची साय खाऊन टाकायचे. म्हणून अण्णांच्या म्हातारीने त्यांचं नाव ठेवलं होतं, बोका. "आला बघ बोका," म्हणायची झोपेतच. म्हातारी गेली आणि ते नावही घरातून गेलं.

पुढे अण्णांचे हात थरथरायला लागले. झडपेच्या आदल्या वर्षी, डिसेंबरातच, एका गिऱ्हाइकाचं कुलूप त्यांच्या हातून बिघडलं. मुलाने चारचौघांत त्यांच्या हातातली कानस काढून घेतली. म्हणाला, "तुम्ही आता दुकानात येऊच नका." अण्णा म्हणाले, "तुला कानस धरायला शिकवली. माणसासारखं बोलायला शिकवायचं राहून गेलं." गिऱ्हाईक हसलं. पत्र्यापलीकडे मीही हसलो. अण्णा तसेच उठून कुठेतरी निघून गेले आणि रात्र झाली तरी घरी आले नाहीत.

अण्णांचं एक वाक्य होतं. कुलूप असतं चोरासाठी, कडी असते आपल्या माणसासाठी. म्हणजे कसं, की कुलपाची किल्ली घरातल्या प्रत्येकाच्या खिशात असते, पण आतून कडी लावली की किल्ली काय कामाची? म्हणून त्यांच्या घरात माणूस बाहेर असताना कधी कडी लावायची नाही, असा नेमच होता.

त्या रात्री मुलाने कडी लावली.

मध्यरात्र उलटल्यावर दारावर नखांचा आवाज आला. खर्र... खर्र... बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "कोण आहे?" हा म्हणाला, "बोका आहे. झोप तू." तेव्हा जिन्यात एक खराखुरा बोका फिरायचा. तिला तोच वाटला. ती झोपली.

सकाळी अण्णा उंबऱ्याशी बसलेले सापडले. दाराला टेकून. गार पडलेले.

आल्यागेल्याला हा एकच सांगायचा, आवाज आला होता हो, मला वाटलं बोका आहे. बायकोही साक्ष द्यायची, मला तसंच म्हणाले हे. लोक हळहळायचे, बिचाऱ्याच्या मनाला लागलं म्हणायचे. मीही म्हटलं. कुणी विचारलं नाही, की नखांच्या आधी काही ऐकलंस का?

ऐकलं होतं त्याने. आधी किल्ली फिरली होती. कुलूप उघडलं होतं. दार आत सरकलं होतं आणि कडीला अडलं होतं. बोक्याच्या खिशात किल्ली नसते, एवढं कुलुपवाल्याला कळत नाही का? म्हातारा बेल वाजवत नव्हता, कारण आत नात तापाने फणफणली होती. शेजाऱ्यांना उठवत नव्हता, कारण मुलाने बापाला बाहेर ठेवलंय हे त्यांना कळलं असतं. मुलाची अब्रू राखत नखांनी दार खरवडत होता. आणि मुलगा पांघरुणात पडून म्हणत होता, राहू दे जरा बाहेर, थोड्या वेळाने उघडू. तेवढ्यात त्याचा डोळा लागला.

सकाळी किल्ली बाहेरच्या बाजूने कुलपातच होती. याने ती आधी काढून खिशात टाकली. शेजाऱ्यांना हाक मारली ती त्यानंतर. ती पितळेची किल्ली याने लहानपणी केलेली, आयुष्यातली पहिली. अडकवायचं भोक मधोमध न पडता कडेला गेलेलं. अण्णा तीच वापरायचे, लाखात एक आहे म्हणायचे. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी याने ती शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरली आणि कानशीने तिचे दाते घासून सपाट केले. पत्र्यापलीकडून मला आवाज येत होता. मला वाटलं, बरं झालं, पोरगा कामात मन रमवतोय. मग त्याने ती भंगाराच्या डब्यात टाकली.

हं. तर झडप बसली. शनिवारीच, जेवायच्या आधी. पोरीने टाळ्या पिटल्या. मांजर चार वेळा आत, चार वेळा बाहेर. रात्री सगळे झोपले. मांजर भटकून आलं, झडप टक् वाजली, आणि ते आत जाऊन पोरीच्या पायाशी झोपलं. हा जागाच होता. त्याला हायसं वाटलं. आता कुणी नखं ओढणार नाही.

दोन वाजून गेले असतील.

किल्ली फिरली.

कुलूप उघडलं. दार आत सरकलं... आणि कडीला अडलं.

हा पडून राहिला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून दारावर पडला होता. दार दिसत होतं. कडी दिसत होती.

खर्र...

मांजर आत होतं. त्याने मान वळवून बघितलं. पोरीच्या पायाशी मुटकुळं करून झोपलेलं.

खर्र... खर्र...

बायको कूस बदलत म्हणाली, "कोण आहे हो?"

त्याने तोंड उघडलं. बो... एवढंच आलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

नखं थांबली.

मग झडप हलली. हळूच. वर झाली.

मिटली नाही. कुणीतरी बाहेरून धरून ठेवल्यासारखी तशीच... वर. भोकातून गार वारा. पलीकडे काळोख. कुणी बोलेना. कुणी आत येईना. कुणीतरी नुसतं थांबलं होतं.

चार पावलांवर कडी. उठायचं, काढायची. एवढंच तर करायचं होतं. वर्षभर तो मनाशी म्हणत आला होता, एकदा, फक्त एकदा ती रात्र परत मिळू दे. मिळाली होती.

आणि पोरांनो... त्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

हे सांगताना तो माझ्यासमोर रडला. म्हणाला, "काका, भुताची भीती नाही वाटली हो. कशाची म्हणाल तर तोंड दाखवायची."

बऱ्याच वेळाने झडप मिटली. टक्.

उजाडलं. पोर आधी उठली, मांजराशी खेळायला दाराशी गेली. "बाबा! ही बघा, झडपेखाली काय पडलंय!"

तिच्या हातात किल्ली होती. भोक कडेला गेलेली.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने किल्ली ओळखली. "ही तर अण्णांची. तुम्ही तर म्हणाला होतात, हरवली..." मग त्याच्या तोंडाकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "रात्री कोण होतं?"

तो खाली मान घालून उभा राहिला. "अण्णा होते."

"काल रात्री?"

"दोन्ही रात्री."

ती दाराशी गेली आणि कडी काढली.

त्याने पोरीच्या हातातून किल्ली घेतली. वाटलं, सपाट असेल, त्याने केली होती तशी. तो बोट फिरवायला गेला आणि बोटाला टोचलं. दाते होते. सगळेच्या सगळे. नुकतेच पाडल्यासारखे, कोरे, धारदार.

आणि पोर आपला तळवा फ्रॉकला पुसत होती. पितळेचा ताजा कीस लागला होता त्याला.