नमुना पंच

नाशिकच्या क्रीडायंत्र प्रयोगशाळेत डॉ. मृणालिनी खांडेकरांनी बुटांचा जोड टेबलावर ठेवला.

"पंचानं चेंडू बघायचा नसतो, दोन खेळाडूंमधली फट बघायची असते. बाजूनं, कोनात उभं राहिलं तर ती दिसते. सरळ मागे राहिलं की नुसती पाठ. हे 'स्थाननिर्देशक' बूट पुढची चूक कोण करणार ते ताडतात आणि ती जिथून स्वच्छ दिसेल तिथे पंचाला ओढून नेतात."

"शिकले कुणाकडून?" बावीस वर्षं बास्केटबॉलचे पंच असलेल्या अच्युत शेवड्यांनी उगाचच विचारलं.

"तुमच्याच सामन्यांच्या चित्रफितींवरून, सर."

शेवडे सुखावले. राज्य स्पर्धेचा अंतिम सामना नीट पार पडला की राष्ट्रीय पंचमंडळावर त्यांची नेमणूक होणार होती. आपणच नमुना, आपल्याला बूट कशाला, असं ते म्हणाले; म्हणून त्या सामन्यासाठी जोड दुसऱ्या पंच नसीमा मुलाणी यांना मिळाला.

सामना सुरू झाला आणि नसीमा शेवड्यांपासून तीन मीटरवर, कोनात येऊन थांबल्या.

"मॅडम, चेंडू तिकडे आहे!"

"बुटांना सांगा, सर."

शेवडे पळाले. नसीमाही पळाल्या. शेवडे बास्केटखाली गेले, तर त्याही तिथे.

"मॅडम, साहेब कुठं पळून नाही जात!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

मध्यंतरात शेवडे खांडेकरांवर उखडले. "यंत्र बिघडलंय तुमचं!"

"नाही, सर," खांडेकर हळूच म्हणाल्या. "तुम्ही तीनशे बारा फाउल सरळ मागे उभं राहून दिलेत. फट दिसतच नव्हती. खेळाडू ओरडला की तुमची शिट्टी. बुटांच्या हिशेबानं या मैदानावर पुढची चूक तुमचीच."

शेवड्यांचे कान तापले. त्यांनी एवढंच विचारलं, "हे लोकांना कळतंय?"

"मॅडम कुणाकडे बघतायत, ते कळतंय."

शेवटचे चार सेकंद. गुण समान. बास्केटखाली एक खेळाडू "आई गं!" करून कोसळला. शेवडे सरळ मागे. समोर नुसती पाठ. श्वास सवयीनं छातीत भरला. तीन मीटरवरून नसीमा डोळे न मिटता बघत होत्या.

शेवड्यांनी शिट्टी न वाजवताच तोंडातून काढली.

वेळ संपली. दोन्ही प्रशिक्षक धावत आले. "फाउल होता की नाही?"

"मला दिसलं नाही," शेवडे सगळ्यांसमोर म्हणाले. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. मान खाली घालून ते वळले. "मॅडम, तुम्ही सांगा."

नसीमांनी ओठ चावला. "सर, मी तुमच्याकडे बघत होते."

तो खेळाडू तळहातावर स्वतःचा दात घेऊन निर्णयाची वाट पाहत उभा होता.