चाळीस मीटरवरून

मी नाकासमोर चालणारी बाई. ड्रोन शौकापायी उडवते, पण परवानगीशिवाय एकदाही नाही. पियुष, माझा नवरा, चिडवतो, "तू त रिकाम्या सिग्नलवर बी थांबतेस वं!"

शहराबाहेर, काटोल रोडकडच्या एका माळावर दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी. जागा संरक्षित. मला पंधरा सकाळींची लेखी परवानगी मिळाली: उंची चाळीस मीटर, आणि ड्रोन दगडांवर उतरता कामा नये.

पहिल्या दिवशी पियुष सोबत होता. पळस फुलला होता, वारा पडलेला. ड्रोन मधल्या वर्तुळावर गेला आणि तिथेच अडला. बटणं दाबून दाबून बोट दुखलं, तरी तो आपला हळूहळू खाली येत राहिला. दगडाला घासला असता तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"पियुष, पळ! हातात झेल त्याले!"

"ताई, त्याईले आत नका धाडू!" चौकीदार चंपतराव ओरडले.

"काहून?"

ते हात हलवत वर्तुळाकडे धावले. तोवर पियुष वर्तुळात शिरला होता.

किती अंतर उरलंय म्हणून मी स्क्रीन पाहिली. स्क्रीनवर नुसतं गवत. मान वर केली, तर पियुष आत हात उंचावून हसत उभा. त्याने ड्रोन झेलला, आणून दिला. "घे तुझं लेकरू."

स्क्रीन अडकली असेल, असं मी मनाला समजावलं. संध्याकाळी रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात गवत हलत होतं, पियुष कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. वर्तुळ रिकामं होतं. ड्रोन वर नेला.

स्क्रीनवर पियुष उभा होता. कालचाच निळा शर्ट, तोंड वर, हात उंच.

मी पियुषला फोन लावला.

"ऑफिसात काम करून राहिलो ना वं," शहरातून पियुष म्हणाला. "लवकर ये घरी."

आवाज त्याचाच होता. स्क्रीनवरचे ओठ हलले नव्हते.

मी आत धावणार, तोच चंपतरावांनी मनगट धरलं. त्यांनी स्क्रीन पाहिली होती.

"तुमी बी गेल्या, त वरून पाहीन कोन?"

तेव्हापासून रोज येते. बॅटरी वीस मिनिटं पुरते. ड्रोनची घरघर ऐकली की वर्तुळातला तो मान वर करतो. त्याला मीच धाडलं. दगडांची काळजी केली, माणसाची नाही.

आज पंधरावी सकाळ. मुदत वाढवण्याच्या अर्जाला उत्तर आलेलं नाही.

त्याचे हात आता खाली आलेत. गाल बसलेत, दाढी वाढलीय.

घरातल्या पियुषला पंधरा दिवसांत एकदाही दाढी करावी लागलेली नाही.