किती लाइनी चालू आहेत?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलेलं आहे हे. आणि रात्री-बिरात्री नाही. मंगळवारी, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात.

मावशी चष्म्याच्या दुकानात काम करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती, तिची नोकरी करणारी लेक आणि सासूबाई. सासू-सुनेचं असं मेतकूट होतं की दोघी मिळून लेकीलाच सासुरवास करायच्या.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तीस वर्षं कानाला हेडफोन. नुसत्या 'हॅलो'वरून सांगायच्या, समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय.

निवृत्त झाल्या तेव्हा बरोबरच्या बायकांनी त्यांना अँथुरियमची कुंडी दिली. लाल चकचकीत फुलं, मधे पिवळी दांडी. घरी येणारा प्रत्येक जण ते प्लास्टिकचं समजून नख लावून बघायचा, आणि सासूबाई त्याच्या हातावर चापट मारायच्या. फुलांना त्या 'लाइनी' म्हणायच्या. सकाळी चहाच्या आधी मोजणी. आज तीन लाइनी चालू, आज चार.

झाडाचे लाड फार. खिडकीपासून दोन हात आत, उंच स्टुलावर, म्हणजे उजेड मिळेल पण ऊन लागणार नाही. पानं ओल्या फडक्याने पुसायची. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसायचं. बोट कोरडं निघालं तरच पाणी.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. ऑपरेशन, गुंतागुंत, दोन आठवडे हॉस्पिटल. जाताना मावशीला बजावून गेल्या, झाड सांभाळ.

मावशीने सांभाळलं. जरा जास्तच सांभाळलं.

सुकायला नको म्हणून रोज सकाळी तांब्याभर पाणी. शिवाय सासूबाई येतील तेव्हा छान दिसावं म्हणून कुंडी चिनी मातीच्या एका नक्षीदार भांड्यात बसवली. त्या भांड्याला खाली भोक नव्हतं. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर नंबर चढवणाऱ्या बाईला तेवढं दिसलं नाही. बाराव्या दिवशी घरात कुबट वास सुटला. मुळांचा काळा चिखल झाला होता. लेकीने सगळं उचलून कचऱ्यात टाकलं.

दोन दिवसांनी सासूबाई घरी आल्या. दृष्टी गेली ती गेलीच. पलंगावर टेकल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या...

"किती लाइनी चालू आहेत गं?"

मावशी खरं सांगणार होती. शपथेवर सांगते ती. पण नुकते डोळे गेलेल्या बाईला आता हेही सांगायचं? तिची जीभ रेटेना.

"चार," ती म्हणाली.

एक खोटं पचवायला दहा खोटी लागतात. रोज सकाळी तोच प्रश्न. मावशी पाच म्हणाली, मग सहा. तेवढाच म्हातारीला आनंद. लेक म्हणायची, दुसरं झाड आणून ठेव ना. पण नव्या झाडाला सहा फुलं कुठून आणायची? आज-उद्या करत ते राहिलं ते राहिलंच.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, मला हात लावून बघू दे.

याच्या चिकाने खाज सुटते, नंतर बघा, असं सांगून तिने वेळ मारून नेली. खाज सुटते हे खरंही आहे. पण दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या शोकेसमधलं प्लास्टिकचं फूल पर्समध्ये घालून आणलं आणि सासूबाईंच्या बोटांत दिलं.

त्यांनी ते चाचपलं. कडेने बोट फिरवलं... थांबल्या... पुन्हा फिरवलं.

"छान आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी झाडाला हात लावायला कधीच मागितलं नाही. मोजणी मात्र रोज विचारत राहिल्या. शेवटच्या दिवशीही विचारली. मावशीने सात सांगितल्या. संध्याकाळी सासूबाई गेल्या.

त्यांना कळलं होतं का? हा एकच प्रश्न मावशीचं काळीज कुरतडत होता. तिला जेवण जाईना. ते रिकामं स्टूल तिथून हलवायचाही धीर होईना.

तीन आठवडे गेले. मंगळवार. दुपारचे चार. स्टुलामागचा स्विच दुरुस्त करायला वायरमन आला होता. पहिल्यांदाच येत होता. मावशी चहा टाकत होती. बाहेरून त्याने विचारलं...

"काकू, झाड जरा बाजूला घेऊ का?"

मावशी दारात येऊन उभी राहिली.

वायरमन वाकला. दोन्ही हातांनी रिकाम्या स्टुलावरून काहीतरी उचललं. जड असावं, कारण त्याच्या दंडाच्या शिरा ताणल्या. ते अलगद फरशीवर ठेवलं आणि तळवे पँटला पुसले.

"एका वेळी सात फुलं! काय घालता हो याला?"

तिथे काहीच नव्हतं.

काम झाल्यावर त्याने ते तसंच अलगद परत स्टुलावर ठेवलं. तो गेल्यावर मावशी वाकून बघत बसली. फरशीवर एक ओला गोल होता. कुंडीच्या बुडाएवढा...

तिला वाटलं, वायरमनचं डोकं सरकलेलं होतं. पण शेजारीण वाटी परत द्यायला आली, तीही स्टुलाकडे बघून म्हणाली, सासूबाईंचं झाड छान ठेवलंयस हं. पोस्टमनने दारातूनच कौतुक केलं. दिसत नव्हतं ते फक्त दोघींना. मावशीला आणि तिच्या लेकीला. झाड मेलंय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाच.

आणि दर आठवड्याला स्टुलावर तो ओला गोल उमटायचा.

शेवटी एका रविवारी दुपारी मावशी स्टुलासमोर जमिनीवर बसली.

"आई, झाड मेलं," ती म्हणाली. "मीच मारलं. तुम्हाला रोज खोटं सांगितलं. ते फूलही खोटं होतं."

घरात चिटपाखरू नव्हतं. नळ बंद होता, पंखा बंद होता...

टप्.

एकच थेंब. कुठून पडला, कळलं नाही. त्या दिवसापासून ओला गोल पुन्हा उमटला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने नर्सरीतून नवं अँथुरियम आणलं. भोकं असलेली कुंडी, हलकी माती, खिडकीपासून दोन हात आत. बोट खुपसून बघितल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. दोन महिन्यांत तीन फुलं आली. मावशी पुन्हा माणसात आली.

मग शेजारीण आली. स्टुलाकडे बघून हळहळली. "काढून टाकलंस का गं झाड? किती छान होतं."

मावशीने लेकीला हाका मारल्या. किती फुलं आहेत सांग म्हणाली. लेक क्षणभर आईकडे बघत राहिली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तीन आहेत ना, आई."

तो आवाज मावशीला चांगला ठाऊक होता. वर्षभर ती स्वतः त्याच आवाजात बोलत होती.

हे सगळं मला लेकीनेच फोनवर सांगितलं. नर्सरीची पावती तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे. झाड मात्र कधीच नाही.

परवा मी मावशीला भेटायला गेले. फार वाळली आहे बिचारी. स्टूल खिडकीपासून दोन हात आत होतं. लख्ख उजेड होता, आणि स्टुलावर काहीही नव्हतं. मावशी ओल्या फडक्याने हवेतलं काहीतरी पुसत होती. एकेक पान, सावकाश.

"काय गं," तिने न वळता विचारलं, "किती लाइनी चालू आहेत?"

मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. मी म्हणाले, "तीन आहेत, मावशी. मस्त फुलल्यात."

तिचा हात थांबला.

मग म्हणाली, "एक काळं पडलं होतं. सकाळीच कापलं मी. दोनच आहेत."

आणि पुन्हा पानं पुसायला लागली.