रुमाल टाकलेली जागा

जेवणं झाल्यावर बेसमेंटमधले दिवे बारीक करून मुलं शशिकांतकाकांभोवती बसली.

"काका, प्रॉमिस? खरी आहे ना?" ऋषीनं विचारलं.

"गुरुनाथ माझा नागपूरचा शेजारी. त्यानं स्वतः सांगितलंय. आणि तो तुझ्यासारख्या थापा मारत नाही."

अबोली हसली आणि गुडघे जवळ ओढून बसली. काकांनी सुरुवात केली.

दोन हजार चार सालची, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. गाव हेच, आपलं अमेरिकेतलं डब्लिन. गुरुनाथ आणि त्याची बायको शैलजा मुलाकडे पाहुणे आले होते. मुलगा विनय कामासाठी शिकागोला गेला आणि तिथेच अडकला. बर्फामुळे त्याची फ्लाइट कॅन्सल झाली. इकडे शैलजाला सकाळपासून सणकून ताप. नागपूरहून आणलेल्या गोळ्या संपलेल्या. गुरुनाथला गाडी चालवता येत नव्हती, पण बस कुठून सुटते ते त्यानं पाहून ठेवलं होतं. त्यानं शैलजाच्या कपाळाला बाम चोळला.

"पडून राहा. हा गेलो न् हा आलो."

"माझ्याशिवाय निघालात, चुकाल कुठेतरी," ती डोळे मिटूनच म्हणाली.

गोळ्या मिळाल्या. परतीची बस आली तेव्हा अंधार पडला होता. आत एकही प्रवासी नव्हता. गुरुनाथ खिडकीशी बसला आणि त्यानं शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. निळ्या काठाचा, कोपऱ्यात शैलजानं 'ग' भरलेला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. जन्मभर एसटीत त्यानं असंच केलं होतं. आपण आधी घुसायचं, रुमाल टाकून जागा धरायची, मागून शैलजा पिशव्या सांभाळत येणार. इथे कोण जागा घेतंय? रुमाल उचलायला त्यानं हात पुढे केला.

तेवढ्यात बस थांबली.

स्टॉपवर कोणीच नव्हतं. दिव्याखाली नुसता बर्फ भुरभुरत होता. दार उघडलं. म्हाताऱ्या माणसांसाठी झुकते तशी बस फुस्स करून पुढून खाली झुकली.

"टेक युअर टाइम, मॅम," ड्रायव्हर बाई म्हणाली.

दाराकडून गार हवा आली. दार लागलं. गुरुनाथच्या शेजारची सीट हळूहळू दबली. रुमालाला मधोमध चुण्या पडल्या.

मग बामचा वास आला.

त्यानं मान वळवली नाही. शैलजा इथे... म्हणजे घरी...

पुढचा विचार त्याला करवेना.

त्याचा स्टॉप जवळ आला. त्यानं बेलची दोरी ओढली. रुमाल उचलला तर तिची जागा जाणार. नुसताच उतरलो तर बस तिला घेऊन पुढे जाणार. कुठे... कोणास ठाऊक. तो उठला. रुमालाला हात लावला नाही. कोणाच्या गुडघ्यांना धक्का लागू नये तसा अंग चोरून बाहेर आला. आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

"शैलू, चल. आपला स्टॉप आला."



तो पुढे चालू लागला. मागे बघितलं नाही. उतरला. मागे बस पुन्हा झुकली... थांबून राहिली...

"हॅव अ गुड नाइट, बोथ ऑफ यू," ड्रायव्हर बाई म्हणाली.

काका थांबले. ऋषीनं पाय सोफ्यावर घेतले.

"देन? शी वॉज डेड?" अबोलीनं हळूच विचारलं.

घरापर्यंत तो धावतच गेला. दार उघडलं तर शैलजा पलंगावर उठून बसलेली. केस घामानं ओलेचिंब. त्यानं कपाळाला हात लावला. ताप उतरला होता.

"किती वेळ लावलात," ती म्हणाली. "चहा टाकता का?"

गुरुनाथनं गोळ्यांची पुडी तिच्या उशाशी ठेवली. "शैलू, तू... कुठे गेली होतीस?"

"मी? इथून हललेसुद्धा नाही. मेली झोपच लागली होती."

आणि तिनं मानेवरचा घाम पुसला. निळ्या काठाच्या, कोपऱ्यात 'ग' भरलेल्या रुमालानं.