शेरा : बुजते

टायर चांगला की वाईट, हे यंत्र अर्धंच सांगतं. उरलेलं चालकाच्या पाठीला आणि तळहातांना कळतं. मोहालीतल्या आमच्या कंपनीत मी आणि मिरजेचा हेरंब एकच गाडी आळीपाळीनं चालवायचो आणि टायरला दहापैकी गुण द्यायचो. बारा वर्षं माझे आकडे यंत्राशी जुळत आले होते. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

'ग' खुणेच्या टायरना मी आठ दिले. हेरंबनं दोन. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द : बुजते.

"बुजायला ती काय घोडी आहे?"

"आजोबांची टांग्याची घोडी अशीच अंग चोरायची, सर. सेक्टर एकोणचाळीसच्या चौकात, डावीकडच्या जांभळाशी. दर फेरीला. बाकी कुठंच नाही."

मी तिथं जाऊन आलो. जांभूळ, फुटपाथ, वाळका पाला. रस्ता तळहातासारखा सपाट, आणि यंत्रावरची रेघही सरळ. मी त्याचा शेरा खोडला. शेजारी लिहिलं, 'चालकाचं मत ग्राह्य नाही.'

"उद्या गाडी मी चालवतो. तू त्या जांभळाखाली उभा राहून व्हिडिओ काढ. बघू कोण बुजतंय ते."

एरवी टोमण्याला टोमणा देणारा हेरंब हसला नाही. "पक्का, सर?" एवढंच म्हणाला.

सकाळचे अकरा, लख्ख ऊन, रस्ता कोरडा. पहिल्या दोन फेऱ्या लोण्यासारख्या झाल्या. तिसरीला जांभळाशी येताच स्टिअरिंग माझ्या हातात उजवीकडे दचकलं. वेग चाळीसही नव्हता. मी चमकून आरशात पाहिलं. मागून येणारा दुधाचा टेम्पो रस्ता सोडून फुटपाथवर चढत होता.

हेरंब जागच्या जागी गेला. त्याला तिथं मी उभं केलं होतं. हे मी पोलिसांना सांगितलं, बायकोला सांगितलं, मिरजेला फोनवर सांगितलं. तरी छातीवरचा धोंडा हलला नाही.

पंधरा दिवसांनी त्याच टायरवर त्या चौकाला वीस फेऱ्या मारल्या. गाडी एकदाही बुजली नाही.

आज दुपारी माझ्या स्वतःच्या गाडीनं घरी येत होतो. टायर चार वर्षांचे, ओळखीचे. सोसायटीच्या फाटकाशी स्टिअरिंग दचकलं.

तिथं माझी निधी उभी होती. नुकतीच शाळेच्या बसमधून उतरलेली, दप्तर पाठीला.

मी काच खाली करून ओरडलो, "तिथून हल! वॉचमनच्या खोलीपाशी जाऊन उभी राहा!"

"पर क्यों, बाबा?"

"जा म्हणतो ना!"

ती गेली. गाल फुगवून खोलीच्या भिंतीला टेकली.

मी गाडी मागे घेतली. खात्री करायची जुनी सवय. पुन्हा पुढे आणली.

फाटकाशी सरळ गेली.

खोलीशी बुजली.