बालाजीचं पाणी

हे माझ्याच बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, आणि मी पीतही नाही.

जुलै २०१९. शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. कतारच्या उत्तरेला, वाळवंटातला एक पडका किल्ला. नाव सांगत नाही.

वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी त्याची डागडुजी चालली होती. मी, जालिंदर, कामगारांची गाडी चालवायचो. माझा दोस्त बालाजी तिथे गवंडी. दोघेही बीडकडचे. विहीर खारी झाली म्हणून जुने लोक हा किल्ला सोडून गेले, असं तिथला वॉचमन सांगायचा. बालाजी हसायचा. "आपल्या गावावानीच की रं."

तीन आठवड्यांपूर्वी बालाजी तिथल्याच एका भिंतीपाशी ऊन लागून गेला.

कागदपत्रं होऊन देह गावी पोचायला दहा-बारा दिवस गेले, म्हणून त्याचा दहावा त्या शुक्रवारी होता. सकाळी आठला बबीतावहिनीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

"भाऊ, कावळा शिवंना. समदं कबूल करून झालं. पोरीची शाळा, म्हातारीचं औषध... त्यांचं आनखी काय ऱ्हायलंय?"

मला ठाऊक होतं.

गेला त्या दिवशी बालाजी मला म्हणाला होता, "पानी आन गड्या, घसा वाळला." मी म्हणालो, "आलोच." आणि गाडीत एसी लावून मोबाइल बघत बसलो.

अर्धा तास.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"थोडं थांबा वहिनी," म्हणालो. पाण्याचा कॅन गाडीत टाकला आणि निघालो.

सुट्टीचा दिवस. किल्ल्यात कुणी नाही. वारासुद्धा नाही.

आणि तरी...

टक्. टक्. टक्.

भिंतीपलीकडे दगडावर गवंड्याची थापी वाजत होती.

वळसा घालून गेलो. आवाज थांबला.

कुणीच नव्हतं. दोन दगडांमधला चुन्याचा माल मात्र... ओला होता. त्या उन्हात.

कॅन खाली ठेवून हात जोडले.

"बालाजी, पानी आनलंय. चुकलं माझं."

रडू आवरेना. डोळे पुसून बघितलं तर...

कॅन रिकामा. झाकण तसंच घट्ट. खालची वाळू कोरडी.

फोन वाजला.

"शिवला, भाऊ. आत्ताच शिवला. काय केलंत तुमी?"

"काय नाय. हात जोडले."

वहिनी रडायला लागली. "शेवटच्या येळी तुमी त्यांच्याजवळ होता, तेवढाच मला आधार हाय बघा."

मी "हो" म्हणालो.

खरं सांगायचं म्हणून त्यानंतर कितीदा तरी फोन लावलाय. दर वेळी पोरीच्या शाळेचं विचारतो आणि ठेवून देतो.